उसनी लेक

अनसूया त्या खोलीतून हसत बाहेर आली. आत माझे वडील होते. त्यांना भेटून हसत बाहेर येणारं माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“काय ओ ताई, तुमचे अप्पा म्हणजे!” सतरंजीवर माझ्या शेजारी बसत ती म्हणाली. “हसून हसून पोट दुखायला लागलं की माझं.”

“आम्हालाही कळू दे,” समोरून डोंगरेबाई म्हणाल्या. “इथं हसायला मिळतंय कुठं?”

“एक डॉक्टर होते म्हणे. अक्षर असलं घाण, की विचारू नका. त्यांनी घरी भाजीची चिठ्ठी पाठवली, ती गड्याने नेऊन दिली अप्पांच्या दुकानात. अप्पांनी वाचली अन् सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर म्हणून गोळ्या बांधून दिल्या.”

“मग?”

“मग काय, डॉक्टरीणबाईंनी पुडी परत पाठवली. म्हणाल्या, मेथी ताजी नाही.”

सगळी बैठक हसली. विड्या वळता वळता अनसूयाची आई हसली. माझी आईसुद्धा हसली, तोंडाला पदर लावून. मीही हसले, कारण न हसणं दिसलं असतं. दुकान आमचं, वडील माझे, आणि ही गोष्ट मला येमुलांच्या अनसूयाकडून कळत होती.

ते केंद्र अक्कलकोट रस्त्याला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होतं. लांबलचक पत्र्याची शेड, दोन कडुनिंब, आणि सोलापूरचा मे महिना. गर्द, दारू, इंजेक्शनं, ज्याचं जे असेल ते सोडवायला माणसं आत ठेवत आणि दर रविवारी त्यांच्या घरच्यांची बैठक घेत. डोंगरेबाई ते चालवत. आपला नवरा दारूत गेला हे त्या नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत, एखादी बाई आपलं माहेर कुठलं ते सांगते तितक्या सहज.

त्यांचा एक नियम होता. पहिले काही आठवडे आपल्या माणसाला आपण भेटायचं नाही.

“तुम्ही गेलात की तो रडणार,” आम्ही अप्पांना घेऊन गेलो त्या दिवशी त्या आईला म्हणाल्या होत्या. “तो रडला की तुम्ही रडणार. मग तो म्हणणार, मला घरी ने. तुम्ही रिक्षा बोलावणार. नाहीतर तुम्ही त्याला शिव्या घालणार आणि त्याला पळून जायला कारण मिळणार. त्यापेक्षा घरातलं विरजण संपलं की आपण शेजारून आणतो ना? तसं माणूस उसनं आणायचं.”

“म्हणजे आमच्या ह्यांना भेटायला दुसरंच कुणीतरी जाणार?” आईने विचारलं.

“दुसऱ्याची लेक जाईल. आणि तुमची लेक दुसऱ्याकडे. परक्यासमोर माणूस जरा सावरून बसतो, होनरावबाई. सावरून बसायची सवय लागली तर बरीच.”

असं करून माझ्या वाट्याला नरसिंग येमूल आला, गर्द ओढणारा, माझ्याहून थोडा लहान. आणि त्याच्या बहिणीच्या वाट्याला माझे वडील.

साखर पेठेत आमचं होनराव मेडिकल होतं. अप्पांना मुतखड्याचा त्रास होता. कळ उठली की दुकानातलंच इंजेक्शन ते स्वतःला टोचून घेत. मग कळ नसतानाही घेऊ लागले. मग गोळ्याही आल्या. दुकान भरलेलं दिसे आणि आतून रिकामं होत जाई. त्यांच्या डाव्या हातावर जखमा झाल्या, त्या भरेनात. सिव्हिलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आता पुन्हा सुरू झालं तर हात जाईल. कदाचित माणूसही.” काकांनी सुचवलं, गाणगापूरला न्या. मामांनी सुचवलं, खोलीत कोंडून ठेवा. आणि घरातली गोष्ट बाहेर नेऊ नका, हे दोघांनीही सुचवलं. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने मला या केंद्राचं नाव दिलं. मी एकटी जाऊन बघून आले, आईला तयार केलं, अप्पांना रिक्षात बसवलं. वाटेत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

तसे ते माझ्याशी कधीच फार बोलत नसत. बी. एस्सी. झाल्यावर मी म्हटलं होतं, फार्मसी करते, दुकानात बसते. “दुकान तुझं काम नव्हे,” ते म्हणाले होते. वर बघून म्हणाले नव्हते, गोळ्या मोजता मोजता म्हणाले होते. मग मी एम. ए. केलं. वाचत सुटले. घरात बोलणं नव्हतं, ती उणीव पुस्तकांनी भरून काढली.

आता दर रविवारी मी सतरंजीवर बसून माझ्या वडिलांविषयी ऐकत होते.

“अप्पांनी मला डॉक्टरांच्या खुणा शिकवल्या,” अनसूया बैठकीत सांगे. भेट झाली की आत काय झालं ते सगळ्यांपुढे सांगायची पद्धत होती. “दिवसातून दोनदा कसं लिहितात, उपाशीपोटी कसं लिहितात. मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. म्हणाले, बाळा, तू बीड्या वळत बसायची पोर नव्हेस.”

अप्पा. तीही त्यांना अप्पाच म्हणू लागली होती. तिचे स्वतःचे वडील सूत गिरणीत होते. त्यांना ती ‘नान्ना’ म्हणत असे. ते नाव तिला पुरत होतं की.

पुढच्या रविवारी, “अप्पा म्हणाले, डी. फार्म. कर. सुटल्यावर मी तुला दुकानात घेतो.”

अनसूयाच्या आईने हातातलं विड्यांचं सूप खाली ठेवून माझ्या आईला हात जोडले. आई गहिवरली. घरी जाताना रिक्षात म्हणाली, “गुणाची पोर आहे गं. बघ, ह्यांना कसं बोलतं केलं तिने.”

“हो,” मी म्हटलं.

“तुला नाही जमलं ते.”

आईच्या मनात टोचण्याचं नव्हतं. ती फक्त खरं बोलली होती.

मी अनसूयाकडे नीट बघू लागले होते. रविवारी ती केसांना तेल लावून चापूनचोपून वेणी घालून येते. तिच्या ओढणीला घरी लावलेली लेस आहे. आत जाताना ती चप्पल दारापाशी अशी काढते जशी आपल्याच घरी आलीय. ती बोलताना अप्पांसारखी एक भुवई उचलते हे दिसलं त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. त्यांची ती भुवई मी लांबून पाहत लहानाची मोठी झाले होते. तिने ती काही रविवारांत उचलली.

माझ्या वाट्याचा नरसिंग मात्र भिंतीकडे तोंड करून बसे.

“तुम्ही का येता ओ?” त्याने पहिल्याच भेटीत विचारलं.

“नियम आहे म्हणून.”

“मग बसा नियमाने.”

मी बसत असे. पुढच्या वेळी मी पुस्तक नेलं. तो म्हणाला, “बरं केलं. तुम्ही पुस्तक वाचा, मी आढं वाचतो.” एकदा बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुमचं ध्यान इथं नाही. तुम्ही त्या भिंतीपलीकडं कान लावून बसलाय. तिकडं तुमचे वडील आहेत ना? आमच्या अनुशी बोलतात ते?”

“हो.”

“बोलू द्या की. तिच्याशी सगळेच बोलतात. ती ऐकून घेते.” मग म्हणाला, “तुम्ही ऐकून घेणाऱ्यातल्या नाही.”

बैठकीत येऊन मी सांगत असे, “आज काही बोलला नाही.” अनसूयाचा चेहरा उतरे. मला ते दिसत होतं. पण माझ्याजवळ तिला द्यायला काही नव्हतं, आणि तिच्याजवळ माझं इतकं काही होतं.

एका रविवारी बैठक उठल्यावर डोंगरेबाईंनी मला माठापाशी गाठलं. पाणी पिता पिता म्हणाल्या, “उज्ज्वला, जळतेस का गं?”

मी पेला विसळू लागले.

“जळ. इथं सगळेच जळतात. माझ्या नवऱ्याला एक बाई भेटायला जायची, तिने त्याच्याकडून त्याच्या आईची एक आठवण काढून घेतली होती. मला लग्नानंतर कधी सांगितली नव्हती ती. मी तिच्या भाकरीत मीठ जास्त घालायची.” त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. “पण जळताना काही ठरवू नकोस. जळणाऱ्याला धूरच दिसतो फक्त.”

मी मान डोलावली. ते वाक्य मी घरी घेऊन गेले आणि त्यावर कुलपासारखा विश्वास ठेवला.

त्यानंतरच्या शनिवारी भर दुपारी अनसूया आमच्या घरी आली. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आईने तिला गुळपाणी दिलं.

“अप्पांनी सांगितलंय, दुकान बघून ये,” ती म्हणाली. “कुठं काय असतं ते मला सगळं सांगितलंय त्यांनी. म्हणाले, जाऊन बघ, चुकतेस का. परीक्षा घेणारेत उद्या.”

आईने खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. माझ्या हातात नाही. मी चपला घातल्या, आईही निघाली.

शटर मी वर केलं. बंद दुकानाचा वास आला, स्पिरिट, पुठ्ठा, उंदीर. अनसूया गल्ल्याची फळी उचलून सरळ आत गेली आणि मधोमध उभी राहिली. तिने डोळे मिटले.

“उजव्या हाताला तापाच्या. वर खोकल्याची औषधं. खाली काचेत लहान मुलांचं, ग्राइपवॉटर अन् दुधाच्या बाटल्या. डाव्या हाताला मलमं, अन् त्याच्या मागं—” ती डोळे उघडून बघत गेली. सगळं जिथल्या तिथं होतं. ती टाळी वाजवून हसली. “बघा, आई! पास!”

“शाबास,” आई म्हणाली. आईलाही ती आई म्हणत होती.

मी गल्ल्याच्या अलीकडे उभी होते, जिथं गिऱ्हाईक उभं राहतं. मी आजवर तिथंच उभी राहिले होते.

“अन् एक काम राहिलं,” ती म्हणाली. स्टूल घेऊन वर चढली, पावडरच्या डब्यांच्या रांगेमागे हात घातला, आणि धुळीने भरलेला एक जुना डबा काढला. चंदनाची पावडर. “अप्पांना घामोळं आलंय. लई आग होते म्हणाले. पुढचे नवीन डबे विकायला राहू देत, मागचा जुना घे म्हणाले.” ओढणीने धूळ पुसत ती पुढे म्हणाली, “किती विचार करतात ना?”

घरच्यांकडून आत काहीच तपासल्याशिवाय जात नसे. आम्ही दिलेला साबणसुद्धा केंद्राची माणसं कापून बघत. पण उसनं माणूस तेल, साबण, पावडर अशी किरकोळ वस्तू नेऊ शकत होतं, आणि त्याची पिशवी कुणी उघडत नसे. परक्या माणसाला कोण कशाला फसवायला लावेल, असंच सगळे धरून चालले होते.

“बाळा म्हणाले का?” मी विचारलं.

“काय?”

“हे सांगताना. बाळा म्हणाले?”

“ते मला बाळाच म्हणतात की, ताई.”

मला अप्पांनी दोनदा बाळा म्हटलं होतं. एकदा एका ओळखीच्या डॉक्टरांकडून सहीची कोरी चिठ्ठी आणायला पाठवताना. एकदा आईला काही सांगू नको म्हणताना. दोन्ही वेळा त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मी पळत गेले होते.

“तो डबा ठेव,” मी म्हटलं. “नवीन घे.”

“का ओ?”

“ठेव म्हटलं ना.”

अनसूया स्टुलावरून खाली उतरली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ताई, एक बोलू? मी आत जाते ते तुम्हाला आवडत नाही. मला पहिल्यापासून दिसतंय. मी काय तुमचे अप्पा पळवून न्यायले का?”

“उघडून बघूया फक्त.”

“म्हणजे मी काहीतरी नेते असं म्हणायचंय तुम्हाला.”

“तू नाही.”

“उजू, पुरे,” आई म्हणाली. “घामोळ्याची पावडर आहे ती. पोरीचा असा अपमान करू नकोस. ने गं, अनसूया.”

मी हात पुढे केला नाही. का, ते मला तेव्हा स्पष्ट होतं: डोंगरेबाईंनी सांगितलेला धूर माझ्या डोळ्यांसमोर होता. मी खरंच काही ओळखलं होतं, की फक्त तिच्या हातातला तो डबा मला सहन होत नव्हता? हे दोन्ही वेगळं कसं करायचं असतं? मी रात्रभर त्यांच्या त्या ‘बाळा’ची उलटतपासणी केली, आणि सकाळी मला एवढंच कळलं होतं, की मी खोटी ठरले तर लाजेने मरेन आणि खरी ठरले तर अप्पा मरतील.

केंद्राचा दुसराही एक नियम होता. आत माल सापडला, तर माणूस त्याच दिवशी घरी.

रविवारी अनसूया भेटीसाठी उठली तेव्हा कापडी पिशवी तिच्या खांद्याला होती. दारापाशी तिने चपला काढल्या.

“अनसूया, आत जाऊ नकोस,” मी म्हटलं.

बैठकीतलं बोलणं थांबलं.

“डोंगरेबाई, तिच्या पिशवीत पावडरचा डबा आहे. आमच्या दुकानातला. तो बघा.”

अनसूयाची आई उठली. तिच्या मांडीवरचं सूप उपडं झालं, तंबाखू सतरंजीवर सांडली. “माझ्या पोरीला चोर म्हणता? आम्ही बीड्या वळून खातो, बाई, पण दुसऱ्याच्या घरात हात घालत नाही!”

“चोर म्हणाले नाही मी.”

“मग काय म्हणता? तिच्यावर जळता तुम्ही! सगळ्यांना दिसतंय!”

कुणीतरी हळूच “खरंच की” म्हणालं. माझी आई मान खाली घालून बसली होती. डोंगरेबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात माठापाशी सांगितलेलं सगळं होतं.

“जळते मी,” मी म्हटलं. “ते खरं आहे. तरी डबा बघा.”

डोंगरेबाई उठायच्या आत अनसूयानेच पिशवीत हात घातला. तिचे डोळे भरून आले होते. “कशाला त्यांना त्रास? मीच दाखवते.” तिने झाकण दातांनी उपसलं, आणि सगळ्यांच्या मधोमध डबा उपडा केला. “हे घ्या. बघा. पावडर. घ्या, बघा अजून!”

पांढरा ढीग झाला. चंदनाचा वास शेडभर पसरला. पावडर पडत राहिली, आणि पडायची थांबली. कुणी खाकरलं. मला माझे कान तापलेले जाणवत होते. अनसूयाने जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि डबा शेवटचा एकदा जमिनीवर आपटला.

आतून कापसाचा दाबून बसवलेला बोळा निघाला. त्यामागून गोळ्यांच्या पट्ट्या घसरत आल्या, आणि कापसात गुंडाळलेल्या काचेच्या दोन कुप्या.

अनसूया त्यांच्याकडे बघत राहिली. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात तिने अंगापासून लांब धरले. “मला पावडर म्हणाले,” ती म्हणाली. “आई शप्पथ. मला पावडरच म्हणाले.”

तिच्या आईने तिला पोटाशी धरलं. डोंगरेबाईंनी खाली बसून पट्ट्या ओच्यात गोळा केल्या, मग मला म्हणाल्या, “आत गेलं असतं तर त्यांना पाठवावं लागलं असतं. दारातच राहिलं.” ओचा आवळत म्हणाल्या, “आज तू जा आत. नियम राहू दे.”

अप्पा लोखंडी खाटेवर बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला.

“उजू! ये बाळा, ये. किती दिवसांनी—”

मी दाराशी उभी राहिले.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, हात रिकामे होते. मग माझ्या चेहऱ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची माया, कुणी दिवा मालवावा तशी गेली. मागे राहिला तो माणूस मला चांगला माहीत होता.

“ओळखलंस,” ते म्हणाले.

“हो.”

“तिला काय म्हणालीस? रडतेय वाटतं.”

“तिनेच डबा उपडा केला. तुमच्यावर विश्वास होता तिचा.”

“कार्टे!” ते खाटेवरून उठले. “दोन पट्ट्या होत्या फक्त! अंग तुटतंय माझं इथं, तुला काय कळणार? तू म्हणजे बाप नाही बघत, झाडाझडती घेतेस. लहान असल्यापासून. तुझी ती नजर नको वाटते मला घरात!” ते ओरडत राहिले. आवाज पत्र्यावर आदळून बाहेर जात असणार. मी ऐकत उभी होते. शेवटी ते दमले आणि भिंतीला टेकून बसले.

“तिला शिकवत होतात ते?” मी विचारलं. “ते सगळं याच्यासाठीच?”

त्यांनी खाटेवरची चादर हाताने सारखी केली.

“नाही,” मग ते म्हणाले. “शिकवताना डबा आठवला नव्हता. हुशार आहे पोर. शिकवायला बरं वाटत होतं. डबा नंतर आठवला.” त्यांनी डोळे चोळले. “दोन्ही खरं आहे. तू मान अगर मानू नको.”

मी मानलं. मला ते खोटं असतं तर बरं वाटलं असतं.

“मग मला का नाही शिकवलंत? मी मागितलं होतं, अप्पा.”

“तुला?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी अगदीच वेड्यासारखं काही विचारलं होतं. “तुला आत घेतलं असतं तर आठवड्यात तुला कळलं असतं. मला दुकानात आंधळं माणूस हवं होतं. तू कुठं आंधळी होतीस?”

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर खाटेवर बसले. त्यांनी मला उठ म्हटलं नाही. बाळाही म्हटलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा अनसूया कडुनिंबाखाली एकटी बसली होती. हात धुतले होते तरी नखांत पांढरं होतं. मी शेजारी बसले. ती सरकली नाही.

“सगळं ऐकू आलं,” ती म्हणाली. “लई बोलले तुम्हाला.”

“हो.”

“ताई, आमचा नरसिंग तुमच्याशी कसा बोलतो ओ?”

“धड बोलतच नाही. गेल्या वेळी म्हणाला, पुस्तक वाचा अन् गप बसा.”

“कधी गोड बोललाय?”

“एकदाही नाही.”

ती पायांच्या अंगठ्यांकडे बघू लागली. “माझ्याशी फार गोड बोलायचा,” ती म्हणाली. “इथं आणलं त्या दिवशीपण. मला वाटायचं, निदान माझ्याशी तरी चांगला आहे.”



नरसिंग पुढच्या वर्षी गेला. घरी आल्यावर त्याने बहिणीकडे लाडीगोडी लावून पुन्हा सुरू केलं होतं, आणि कळूनही तिच्याने त्याला नाही म्हणवलं नाही, असं तिनेच मला नंतर सांगितलं. अप्पांना आणखी एकदा आत राहावं लागलं. मग ते सुटले, पुढे खूप वर्षं जगले, हातासकट. अनसूयाने डी. फार्म. केलं आणि ते तिला दुकानात घेऊन बसले. एका बाजूला ती, एका बाजूला मी. तिला शिकवताना ते हसत. मला नुसतं म्हणत, “मोजून घे.” मला तेव्हाही वाईट वाटे. वयाने ते जात नाही.

या हिवाळ्यात ते शेवटचे दवाखान्यात होते. येणाऱ्याजाणाऱ्याशी मायेने बोलत होते. नर्सला ‘आई’ म्हणत, वॉर्डबॉयला ‘राजा’. अनसूया भेटायला आली तेव्हा तिचा हात हातात घेऊन म्हणाले, “बाळा, जेवलीस का?” मी खिडकीपाशी उभी होते. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“ती खिडकी लाव. किती वेळा सांगायचं तुला? वारं येतंय.”

मी खिडकी लावली. वळून पाहिलं तर अनसूया माझ्याकडे बघत होती. तिचा हात अजून त्यांच्या हातात होता, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी कितीतरी रविवार तिच्याकडे बघत होते.